प्लग कोणाचा? बंगळुरूच्या महामार्गांवरील चार्जिंगचा इतिहास

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने विद्युत वाहनांच्या चार्जिंगविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरवर एक चार्जिंग केंद्र असावे आणि बस-ट्रकांसारख्या जड वाहनांसाठी ते दर १०० किलोमीटरवर असावे, असे उद्दिष्ट त्यांत नोंदवले आहे. बातमीपुरते हे दोन आकडे पुरेसे आहेत. पण ते वाचताना त्यांच्यामागचा काळ नजरेआड होतो. डिसेंबर २०१८ मध्ये याच मंत्रालयाने २५ किलोमीटरचा आकडा दिला होता. त्याच वर्षाच्या एप्रिलपर्यंत तर रस्त्याकडेला दुसऱ्याच्या गाडीत वीज भरून पैसे घेणाऱ्याला वीजवितरणाचा परवाना लागतो की नाही, हेच कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते. गाड्या मात्र त्याआधी सतरा वर्षे रस्त्यावर होत्या, आणि त्या बंगळुरूत तयार होत होत्या.

गाडी आधी आली आणि रस्त्यावरचा प्लग इतक्या उशिरा का आला, याचे उत्तर सहसा बॅटरीत शोधले जाते. बॅटरी दुबळी होती, हे खरेच आहे. तरीही बंगळुरूचा इतिहास नीट पाहिला तर अडचणीचा मोठा वाटा बॅटरीच्या बाहेर सापडतो: कायद्यात, प्लगच्या आकारात आणि रस्त्याच्या आखणीत.

विजेला लांब अंतर कापायला शिकवले गेले ते याच प्रदेशात. कोलारच्या सुवर्णखाणींना यंत्रे चालवण्यासाठी शक्ती हवी होती आणि दुरून आणलेला कोळसा महाग पडत होता. म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारण्याचे ठरले. द लोत्बिनिएर या लष्करी अभियंत्याने योजना आखली, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विद्युत यंत्रसामग्री पुरवली आणि जून १९०२ च्या अखेरीस वीज सुमारे १४७ किलोमीटर प्रवास करून खाणींपर्यंत पोचली. त्या काळी जगातील सर्वांत लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होत असे. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये, याच केंद्रातील विजेवर बंगळुरूच्या बाजारपेठेत रस्त्यावरचे दिवे लागले.

एवढ्या अंतरावर वीज नेता आली ती विद्युतदाब सुमारे ३०,००० व्होल्टपर्यंत चढवल्यामुळे. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट होतो. म्हणून तीच शक्ती पाठवताना दाब वाढवायचा आणि प्रवाह कमी ठेवायचा. हा शालेय पुस्तकातला नियम आहे, पण शंभरहून अधिक वर्षांनी महामार्गावरच्या चार्जरने तोच पुन्हा एकदा, आणि बराच खर्च करून, शिकवला.

बंगळुरूची गाडी म्हणजे रेव्हा. अभियंता चेतन मैनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकत असताना तेथील सौर मोटारीच्या चमूत होते. त्या चमूच्या ‘सनरनर’ गाडीने १९९० साली अमेरिकेतील आंतरविद्यापीठ शर्यत जिंकली आणि ऑस्ट्रेलियातील जागतिक शर्यतीत तिसरा क्रमांक मिळवला. पुढे मैनी उद्योगसमूह आणि एक अमेरिकी कंपनी यांच्या भागीदारीतून १९९४ साली रेव्हा इलेक्ट्रिक कार कंपनी स्थापन झाली आणि २००१ मध्ये गाडी बंगळुरूच्या बाजारात आली. दोन मोठी माणसे आणि मागे दोन मुले बसतील एवढीच ती जागा. सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या, एकूण दाब ४८ व्होल्ट, एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटर. तिला वेगळे चार्जिंग केंद्र लागत नसे. घरात पाण्याच्या गीझरसाठी असतो तसा १५ अँपियरचा प्लग तिला पुरे. पूर्ण चार्ज व्हायला सुमारे आठ तास, तर पहिले ८० टक्के भरायला अडीच तास लागत.

या योजनेत एक मोठी सोय होती. वीजजोडणी मालकाची, मीटर मालकाचा, बिलही मालकाचे. त्यामुळे कोणत्याही सरकारी खात्याला काही ठरवावे लागले नाही. गाडी शहरातून बाहेर जाणार नाही, हे मात्र त्यात गृहीत धरलेले होते. बंगळुरूहून म्हैसूर जवळजवळ दीडशे किलोमीटर. रेव्हा घेऊन निघालेला माणूस रामनगर ओलांडून फार तर मद्दूरच्या अलीकडे पोचला असता, आणि तिथे कोणाच्या तरी घरचा प्लग मागून अर्धा दिवस बसला असता. हीच गाडी लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. तिथे तिला शहराच्या मध्यभागी आकारल्या जाणाऱ्या गर्दी-शुल्कातून सूट होती आणि २००६ पासून वेस्टमिन्स्टर भागात रस्त्याकडेला चार्जिंगचे खांबही उभे राहू लागले. बंगळुरूत जन्मलेल्या गाडीला सार्वजनिक प्लग आधी लंडनने दिला, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

वाटेत बॅटरी संपण्याची धास्ती कंपनीला चांगलीच ठाऊक होती. २००९ च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात रेव्हाने ‘रिव्हाइव्ह’ नावाची सोय मांडली. गाडी अडली की चालकाने दूरध्वनी किंवा लघुसंदेश करायचा. मदतकेंद्र दुरूनच बॅटरीची स्थिती तपासणार आणि राखून ठेवलेल्या साठ्यातील थोडी ऊर्जा मोकळी करणार. कल्पना चतुर होती, यात शंका नाही. पण ज्या रस्त्यावर प्लग नाही त्या रस्त्यावरच तिची गरज होती. रस्त्यावर नसलेले केंद्र गाडीच्या पोटात लपवण्याचा तो प्रयत्न होता. २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेव्हातील बहुसंख्य भाग घेतला. तोवर जगभरात मिळून विकल्या गेलेल्या रेव्हांची संख्या काही हजारांपलीकडे गेलेली नव्हती.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण खरी गाठ तिथे होती. २००३ च्या वीज कायद्यानुसार विजेचे पारेषण, वितरण आणि व्यापार यांसाठी परवाना लागतो. महाराष्ट्रात महावितरण, तसे बंगळुरूत बेस्कॉम. घरमालकाने किंवा उपहारगृहाने आपल्या मीटरवरून वीज घेऊन ती तिसऱ्याला विकणे या चौकटीत बसत नव्हते. मग महामार्गावरचा ढाबा, पेट्रोल पंप किंवा एखादी नवी कंपनी गाड्यांना चार्जिंग देऊ लागली तर ती वीज विकते की सेवा देते? वितरण कंपनीच्या दृष्टीने पहिले, कंपनीच्या दृष्टीने दुसरे. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्यात पैसा गुंतवणे म्हणजे डोळे मिटून उडी घेण्यासारखे होते.

कर्नाटकाने सप्टेंबर २०१७ मध्ये विद्युत वाहने व ऊर्जासाठवण यांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे ते देशातील पहिले राज्य. त्यानंतर २०१८ च्या सुरुवातीला बेस्कॉमने के. आर. सर्कल येथील आपल्या मुख्य कार्यालयाच्या आवारात चार्जिंग केंद्र सुरू केले. जागा पाहिली की त्या काळातली अडचण समजते: परवाना ज्याच्याकडे आहे त्याने, स्वतःच्या आवारात, स्वतःच्या मीटरवर. महामार्ग त्यात कुठेच नव्हता.

१३ एप्रिल २०१८ रोजी ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला. चार्जिंग केंद्र वीज विकत नाही. बॅटरीत विद्युत ऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर करण्याची सेवा देते, म्हणून त्याला परवान्याची गरज नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला या वाक्याची गंमत वाटेल. शिसे-आम्ल असो वा लिथियम-आयन, बॅटरी चार्ज होते म्हणजे विद्युत ऊर्जा रासायनिक ऊर्जेच्या रूपात साठते, हे इयत्ता दहावीच्या पुस्तकात असते. इथे त्याच विधानाने देशभरातल्या व्यवसायाचे दार उघडले. या क्षेत्रातील कोणत्याही अनुदानापेक्षा या छोट्या खुलाशाचे मोल अधिक मानावे लागेल. पुढच्याच महिन्यात एथर एनर्जी या बंगळुरूच्या कंपनीने, आपली स्कूटर बाजारात येण्याआधीच, शहरातील उपहारगृहे व बाजारसंकुले यांच्या आवारात चार्जिंगचे जाळे सुरू केले. आयआयटी मद्रासच्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन यांनी २०१३ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. आधी प्लग आणि मग गाडी हा तिचा क्रम रेव्हाच्या नेमका उलट होता.

कायद्याची गाठ सुटली आणि प्लगची पडली. २०१७ मध्ये केंद्र सरकारसाठी तयार झालेल्या ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ या चार्जरांच्या विनिर्देशांत त्या वेळच्या भारतीय गाड्यांचा विचार होता, आणि त्या गाड्या कमी दाबाच्या होत्या. सरकारी कार्यालयांसाठी ऊर्जा कार्यक्षमता सेवा मर्यादित या सरकारी कंपनीने त्याच वर्षी १०,००० विद्युत मोटारींची निविदा काढली होती. तिच्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांची बॅटरी ७२ व्होल्टच्या वर्गातली. डीसी-००१ ची कमाल शक्ती १५ किलोवॅट. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. १५,००० वॅटना ७२ व्होल्टने भागले की प्रवाह दोनशे अँपियरच्या पुढे जातो. याच दाबावर ५० किलोवॅट द्यायचे म्हटले तर जवळजवळ सातशे अँपियर लागतील, आणि तेवढा प्रवाह नेणारी केबल सामान्य माणसाला उचलणेही अवघड. त्याऐवजी बॅटरी ४०० व्होल्टची केली की ५० किलोवॅटसाठी सव्वाशे अँपियर पुरतात. शिवनसमुद्रच्या तारांनी १९०२ मध्ये हेच सांगितले होते. शहरात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला कमी दाब चालतो. महामार्गावर अर्ध्या तासात निघायचे असेल तर चालत नाही.

डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या गोंधळावर उपाय म्हणून प्रत्येक सार्वजनिक केंद्रात पाच प्रकारचे चार्जर ठेवण्याची अट घातली. युरोपीय पद्धतीचा सीसीएस आणि जपानी पद्धतीचा चाडेमो, दोन्ही किमान ५० किलोवॅटचे; २२ किलोवॅटचा एसी; शिवाय भारत श्रेणीचे दोन्ही. कोणतीही गाडी आली तरी परत जाऊ नये, हा हेतू चांगला होता. पण ज्या प्रकारच्या गाड्या त्या रस्त्याने जवळजवळ येतच नाहीत त्यांच्यासाठीही महागडे यंत्र बसवण्याची सक्ती झाली, आणि महामार्गावर केंद्र काढू पाहणारा आणखी मागे सरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये अट शिथिल करून चार्जर निवडण्याचे स्वातंत्र्य चालकाला दिले गेले. पुढच्या काही वर्षांत बाजारात आलेल्या बहुतेक भारतीय मोटारी सीसीएस पद्धतीच्या निघाल्या आणि हा वाद मोटारींपुरता मिटला.

त्यानंतर आड आले ते बिल. जलद चार्जर असलेल्या केंद्राला मोठी जोडणी आणि बहुधा स्वतंत्र रोहित्र लागते. मोठ्या ग्राहकाच्या बिलात दोन भाग असतात: वापरलेल्या युनिटांचा आकार आणि मंजूर भाराचा स्थिर आकार. दिवसाला दोन-चार गाड्या येणाऱ्या केंद्राला दुसरा भाग परवडत नाही, कारण चार्जर रिकामा उभा असला तरी तो भरावाच लागतो. जानेवारी २०२२ च्या सुधारित तत्त्वांनी सार्वजनिक केंद्रांसाठी एकाच भागाचा आणि पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून अधिक नसलेला दर सुचवला, तो यासाठीच. रुक्ष वाटणारा हा तपशील नसता तर महामार्गावरची अनेक केंद्रे पहिल्या वर्षातच बंद पडली असती.

ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली–चंडीगड महामार्गावर कर्नालच्या कर्णा लेक येथे भेल कंपनीने सौर ऊर्जेवरचे केंद्र उभारले. २०२२ मध्ये भारत पेट्रोलियमने चेन्नई–त्रिची–मदुराई मार्गावर पंपांच्या आवारात जलद चार्जरांची साखळी सुरू केली आणि नंतर बंगळुरूहून निघणारे मार्गही हाती घेतले. मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. पेट्रोल विकणाऱ्यांनीच वीज विकावी याचे काहींना नवल वाटले. पण महामार्गाला लागून जागा, दिवे, स्वच्छतागृह आणि चोवीस तास माणूस या चारही गोष्टी एकत्र असलेले ठिकाण दुसरे कोणते होते?

थांब्याची गरज का पडते, हे रसायनशास्त्र सांगते. लिथियम-आयन बॅटरी भरताना आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात. जागा मोकळी असते तोवर ते भराभर शिरतात; ८० टक्क्यांच्या आसपास गर्दी होते. त्यानंतरही तोच प्रवाह रेटला तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, बॅटरीचे आयुष्य घटते आणि धोका वाढतो. म्हणून गाडीतील नियंत्रक प्रवाह हळूहळू कमी करतो, आणि शेवटचे २० टक्के भरायला अनेकदा आधीच्या मोठ्या भागाइतकाच वेळ लागतो. शहाणा प्रवासी ८० टक्क्यांवर निघतो. पुणे–बंगळुरू हे ८४० किलोमीटरच्या आसपासचे अंतर प्रत्यक्षात दोनशे किलोमीटर पल्ल्याच्या गाडीने तोडायचे तर चार-पाच थांबे धरावे लागतात. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग अशी गावे वाटेत आहेत म्हणून हे जमते. प्रत्येक थांब्याला अर्धा तास ते एक तास. म्हणजे विद्युत गाडीला प्लगइतकीच बसण्याची जागा लागते, आणि पेट्रोलच्या पाच मिनिटांत ही गरज कधी जाणवली नव्हती.

नेमक्या याच काळात बंगळुरूभोवतीचे रस्ते थांबे काढून टाकत होते. १२ मार्च २०२३ रोजी बंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाचे मंड्या येथे लोकार्पण झाले. सुमारे ११८ किलोमीटर, मध्ये सहा मार्गिका, दोन्ही बाजूंना सेवारस्ते. बिडदी, रामनगर–चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या आणि श्रीरंगपट्टण या गावांना वळसे. तीन तासांचा प्रवास निम्म्यावर आला. पण जुना रस्ता हा थांब्यांचाच रस्ता होता: रामनगरजवळ जोळद रोट्टी, चन्नपट्टणला लाकडी खेळणी, मद्दूरला वडा. नव्या मार्गाचे लोकार्पण झाले तेव्हा त्यावर विश्रांतिस्थळे नव्हती. साध्या स्वच्छतागृहाचीही तक्रार झाली. खेळण्यांच्या दुकानांचे आणि खाणावळींचे गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यावरून निघून जाऊ लागले. चार्जिंगसाठी लागणारा अर्धा तास कुठे घालवायचा, हे आराखडा काढताना कोणाच्या मनात होते असे त्या रस्त्याकडे पाहून तरी वाटत नाही.

केवळ म्हैसूरला जाण्यासाठी आजच्या मोटारीला वाटेत थांबावे लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अडचण परतीची, किंवा पुढे कोडगू, उटी, केरळकडे जाणाऱ्याची. कर्नाटक राज्य परिवहनने जानेवारी २०२३ मध्ये याच मार्गावर विद्युत बस सुरू केली, आणि तिचे चार्जिंग दोन टोकांना होईल अशी आखणी केली. निश्चित मार्ग आणि स्वतःचे आगार असलेल्याला हे शक्य आहे. कर्नाटकात सार्वजनिक चार्जिंग केंद्रे पाच हजारांहून अधिक आहेत, देशात सर्वाधिक. परंतु त्यांतील फार मोठा वाटा एकट्या बंगळुरू शहर जिल्ह्यात आहे. राज्य पहिले, शहर पहिले, आणि शहराबाहेर पडले की नकाशा विरळ होत जातो.

रेव्हाचे चेतन मैनी स्वतः २०१७ नंतर वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्या सहभागाने सुरू झालेली सन मोबिलिटी ही कंपनी चार्ज न करता बॅटरीच बदलून देते. प्लगची वाट पाहण्यात वेळ का घालवावा, हा त्यामागचा विचार. तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांना तो मानवतो, कारण त्यांचा प्रत्येक उभा तास बुडीत जातो.

आणि स्कूटर? भारतातल्या विद्युत वाहनांत दुचाकी आणि तीनचाकी यांचाच भरणा आहे, आणि त्यांतल्या कित्येक दुचाकींची रचना बंगळुरूत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एसी आणि डीसी दोन्ही एकाच जोडणीतून देणाऱ्या प्लगला मान्यता दिली. तो एथरच्या जोडणीवरून विकसित झाला आहे आणि इतर उत्पादकांनाही वापरता येतो. १९०२ पासूनच्या प्रवासात बंगळुरूने देशाला दिलेले हे आणखी एक मानक. मात्र त्याच वर्षी १ ऑगस्टपासून म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी झाली. अपघात पाहता निर्णयाला कारण होते. स्कूटरस्वार आता सेवारस्त्याने, रामनगर, चन्नपट्टण आणि मद्दूरच्या दारावरून जातात; तीन किलोवॅटचा चार्जर तिथल्या साध्या खाणावळीच्या जोडणीवरही चालू शकतो, आणि त्याला ना रोहित्र लागते, ना द्रुतगती मार्गाच्या आराखड्यात जागा.